दिसणारी मराठी आणि वाचली जाणारी मराठी

दिव्यांग व्यक्तींना वापरता येतील अशी संकेतस्थळे कशी करावीत, याविषयीचे प्रश्न आम्ही गेल्या महिन्यात या सदरातून मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण त्यातील अडचण आपल्या भाषेच्या संगणकावरील इतिहासातून आलेली आहे आणि इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सभासदाच्या मुलाने हौसेने करून दिले. पुस्तकांची यादी, नियमावली, कार्यक्रमांच्या सूचना असे सारे त्यावर मराठीत आहे. अलीकडे आमच्या एका अंध सभासदांचा दूरध्वनी आला. त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, आमच्या पानांवर मराठीचा एकही शब्द उच्चारत नाही, नुसती इंग्रजी अक्षरे बडबडतो, असे ते म्हणाले. आम्ही उघडून पाहिले तर मराठी अगदी सुवाच्य दिसते. दोष त्यांच्या यंत्रणेत आहे की आमच्या संकेतस्थळात? जाता जाता आणखी एक विचारते : जुनी पुस्तके त्यांच्यासाठी संगणकावर आणली तर चालतील का?
— एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : दोष संकेतस्थळात आहे, आणि त्याची खात्री करून घ्यायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. आपल्या पानावरील मराठीची एखादी ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तेथे मराठीच उमटली, तर दोष दुसरीकडे शोधावा लागेल. इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ उमटली, तर आपली पाने युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत असे समजावे. सभासदांनी केलेल्या वर्णनावरून ही दुसरी शक्यता मला जवळजवळ निश्चित वाटते.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. तेथे इंग्रजी 'ई'च्या जागी 'म'ची आकृती बसवलेली असते, 'जे'च्या जागी 'र'ची आणि 'के'च्या जागी कान्याची. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात, आणि पडद्यावर आपल्याला 'मराठी' दिसते ती केवळ त्या फॉन्टने या पाच अक्षरांवर चढवलेल्या वेषामुळे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हा वेष पुरतो. स्क्रीन रीडर मात्र आकृती पाहत नाही. तो साठवलेली अक्षरे उचलतो आणि आवाजाच्या यंत्रणेकडे देतो. त्यामुळे आपल्या सभासदांनी ऐकलेली बडबड हेच आपल्या पानाचे खरे वाचन होते. फसगत झाली ती आपल्या डोळ्यांची. गूगलसारखी शोधयंत्रेही साठवलेली अक्षरेच वाचतात, म्हणून आपल्या यादीतील एखाद्या पुस्तकाचे नाव मराठीत टाकून शोध घेतला तरी आपले वाचनालय सापडत नसणार. अंध वाचकांची गैरसोय कानावर आली. बाकीच्यांची कधी कानावर येतच नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे आणि देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. तेव्हा आपला सारा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे पहिले काम. त्यासाठी परिवर्तक मिळतात, परंतु कृतिदेवची अक्षरजुळणी वेगळी आणि इतर फॉन्टची वेगळी, त्यामुळे आपला फॉन्ट नेमका कोणता ते आधी पाहून त्याचाच परिवर्तक घ्यावा. परिवर्तनानंतरचे मुद्रितशोधन टाळू नये. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जात असे आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे आहे. त्यामुळे 'वार्षिक', 'निर्मिती', 'कार्यकर्ता' असे शब्द हमखास मोडतात. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतील अर्धा 'र' आणि 'ॲ' हा वर्ण हेही स्वतंत्रपणे तपासावेत. मराठी वाचनालयाला चांगला मुद्रितशोधक मिळणे अवघड नसावे, आणि या कामात तो संगणक अभियंत्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

दुसरे काम एका शब्दाचे आहे. प्रत्येक पानाच्या संहितेत (कोडमध्ये), सुरुवातीलाच, ते पान कोणत्या भाषेत आहे हे सांगण्याची जागा असते. मराठीसाठी तेथे 'एमआर' ही दोन अक्षरे हवीत. तयार साचा वापरला असेल तर तेथे इंग्रजीची खूण तशीच राहिलेली असते, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे समोर आली की चक्क गप्प बसतात. खूण हिंदीची असेल तर वाचन होते, पण 'चमचा' आणि 'चंद्र' यांतील 'च'चा फरक पुसला जातो आणि मराठी कानाला ते वाचन परके वाटते. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, जो मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीची सोय आहे. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाजही मिळतो. म्हणजे वाचणारा तयार आहे. कोणत्या भाषेत वाचायचे, एवढे त्याला सांगितलेले असले पाहिजे.

तिसरी गोष्ट लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ही चूक मी स्वतः वर्षानुवर्षे केली आहे. एका संस्थेचे संकेतस्थळ मी सांभाळत असताना वार्षिक सभेची सूचना, व्याख्यानमालेची पत्रिका, शोकसभेची बातमी हे सर्व व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत चित्राच्या रूपात जसेच्या तसे पानावर चढवत असे. ते चित्र उघडले की स्क्रीन रीडर 'ग्राफिक' असे म्हणे आणि पुढे फाइलच्या नावातील आकडे वाची. व्याख्यान कोणाचे, कुठे, किती वाजता, यांतले काहीही त्यातून कळत नसे. पत्रिका जरूर लावा. मात्र तिच्याखाली तोच मजकूर साध्या परिच्छेदात लिहा. हीच गोष्ट स्कॅन केलेल्या पीडीएफची. माऊसने त्यातील एक शब्द निवडता आला नाही, तर तो दस्तऐवज म्हणजे कागदाचे छायाचित्र आहे असे समजावे. नियमावलीची मूळ वर्ड फाइल असेल तर ती उघडून 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करावी. 'प्रिंट' करून केलेल्या पीडीएफमध्ये मथळे आणि तक्ते यांच्या खुणा गळून पडतात. मूळ फाइल नसेल तर ओसीआर करून, म्हणजे चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेऊन, मजकूर काढता येतो. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीला मराठी येते, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ती अडखळते. चाळीस वर्षांचे अहवाल एका दमात करायला घेऊ नका. सभासदत्वाचा अर्ज, नियमावली आणि नव्या पुस्तकांची यादी एवढे आधी करा. यादी खऱ्या तक्त्यात असावी आणि तिच्या स्तंभांना शीर्षके दिलेली असावीत, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण लेखकाच्या रकान्यात आहोत की प्रकाशकाच्या, हे कळत राहते.

आता पुस्तकांविषयी. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही अशा दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत तयार करण्यास काही अटींवर मुभा आहे. याच विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारा जगातील पहिला देश भारत होता, हेही आपल्याला ठाऊक असावे. ही प्रत मात्र त्या वाचकांपुरतीच राहिली पाहिजे. ती सर्वांना उघड्या असलेल्या संकेतस्थळावर ठेवता येणार नाही.

प्रश्न : आमचा आंब्याचा व्यवसाय आहे आणि हंगामात संकेतस्थळावरून पेट्यांची मागणी घेतो. प्रत्येक छायाचित्राला पर्यायी मजकूर द्यावा, असे वाचले. आमच्याकडे शंभराच्या वर छायाचित्रे आहेत. प्रत्येकाखाली काय लिहायचे? आणि एवढ्याने भागते का?
— एक बागायतदार व विक्रेत्या, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पर्यायी मजकूर छायाचित्राखाली दिसत नाही, तो पानाच्या संहितेत चित्राला चिकटवलेला असतो आणि स्क्रीन रीडर चित्राच्या जागी तो वाचतो. त्यात काय लिहावे, हे चित्र त्या पानावर कशासाठी लावले आहे यावरून ठरते. 'आंबा' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे, कारण आपल्या दुकानात आंबेच असणार. पेटीच्या पानावर 'उघडी लाकडी पेटी, गवतात रचलेले पिवळे-केशरी हापूस, दोन थर' असे लिहिले तर न पाहणाऱ्या गिऱ्हाईकालाही माल कसा भरून येतो ते समजते. 'चे छायाचित्र' हे शब्द जोडू नयेत, कारण ते चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. पानाच्या कडेला शोभेसाठी लावलेल्या पानाफुलांच्या नक्षीला मात्र पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे वाचन तिला ओलांडून पुढे जाते. शंभर चित्रांपैकी निम्मी अशी शोभेचीच निघतील, असा माझा अंदाज आहे.

एवढ्याने भागत नाही. मला आपल्या संकेतस्थळाच्या रंगांविषयी अधिक शंका आहे, कारण आंब्याचे दुकान म्हटले की नारंगी पट्टीवर पांढरी अक्षरे आलीच. सुगम्य संकेतस्थळांसाठीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या मधल्या 'एए' पातळीनुसार, साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा किमान ४.५ : १ इतका भिन्न असावा लागतो, आणि मोठ्या मथळ्यांना ३ : १ पुरतो. संगणकावरील नेहमीच्या नारंगी रंगावर पांढरी अक्षरे ठेवली तर हे प्रमाण २ : १ सुद्धा भरत नाही. त्याच नारंगीवर काळी अक्षरे ठेवली तर ते १० च्या पुढे जाते. म्हणजे आपला नारंगी सोडण्याची गरज नाही, फक्त अक्षरे बदला. मोतीबिंदू असलेले आजोबा आणि भर उन्हात अंगणात उभे राहून फोन पाहणारी त्यांची सून, दोघांचीही सोय होईल.

'हिरवा ठिपका म्हणजे शिल्लक, लाल म्हणजे संपले' अशी खूण ठेवली असेल तर ठिपक्याशेजारी 'शिल्लक' आणि 'संपले' हे शब्दही लिहा. लाल-हिरव्यातील फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्या गिऱ्हाइकांत नक्कीच आहेत आणि त्यांतील काहींना स्वतःलाही ते माहीत नसते.

मागणीच्या अर्जाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण व्यवहार तेथेच तुटतो. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत 'पिनकोड' लिहिलेले असते आणि टंकायला लागताच ते नाहीसे होते. विसराळू माणसाला तेथे काय लिहायचे होते ते आठवत नाही आणि स्क्रीन रीडरलाही त्याचा भरवसा नसतो. रकान्याचे नाव रकान्याबाहेर, कायम दिसेल असे आणि संहितेत त्या रकान्याशी जोडलेले असावे. चूक झाली तर नुसती लाल चौकट दाखवू नये. 'पिनकोड सहा अंकी असतो, आपण पाच अंक लिहिले आहेत' असे वाक्य त्या रकान्यापाशीच यावे. आणि दरपत्रक चित्रात असेल तर तेवढे आजच बदला. भाव न सांगता माल विकता येत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : मी नुकतीच संकेतस्थळे बनवण्याच्या व्यवसायात आले आहे. एका ग्राहकाने 'सुगम्यता हवी' अशी मागणी केली आणि सोबत एका विजेटची जाहिरात पाठवली. संहितेत एक ओळ टाकली की पानाच्या कोपऱ्यात चिन्ह येते, त्यातून अक्षरे मोठी करता येतात, रंग बदलता येतात आणि संकेतस्थळ आपोआप सुगम्य होते, असा दावा आहे. हे खरे आहे का?
— एक तरुण विकासक, पुणे

उत्तर : नाही. अक्षरे मोठी करण्याची आणि रंग बदलण्याची सोय ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीपासून असते, आणि ज्याला तिची गरज आहे त्याने ती केव्हाच लावून घेतलेली असते. ज्या अंध व्यक्तीचा स्वतःचा स्क्रीन रीडर सुरू आहे, तिच्यासमोर आणखी एक बोलका मदतनीस उभा करणे म्हणजे कीर्तन चालू असताना शेजारी दुसरे कीर्तन लावण्यासारखे आहे. चित्रात नेमके काय आहे, कोणता मथळा मुख्य आणि कोणता उपमथळा, हे त्या विजेटला भरवशाने ठरवता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशाच प्रकारचे साधन विकणाऱ्या एका कंपनीला, ते कोणतेही संकेतस्थळ मार्गदर्शक तत्त्वांच्या बरहुकूम करते या दाव्याबद्दल, १० लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला, एवढे आपल्या ग्राहकाला सांगितले तरी पुरे.

आपोआप तपासणारी साधने वेगळी. क्रोम ब्राउझरमधील लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही जरूर वापरा. वेबएम या संस्थेने २०२५ मध्ये जगातील दहा लाख मुखपृष्ठे अशाच साधनाने तपासली तेव्हा ९४.८ टक्के पानांवर काही ना काही दोष निघाला. तरीही या साधनांची धाव मर्यादित आहे. चित्राला पर्यायी मजकूर नाही, हे ती पकडतात. चित्र सभापतींचे आहे आणि मजकूर मात्र 'आयएमजी ४०७' असा आहे, हे त्यांना कळेलच असे नाही.

म्हणून माऊस बाजूला काढून ठेवा आणि फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केप या कळांनी आपल्या पानावरून फिरा. प्रत्येक दुव्यावर आणि बटणावर पोहोचता येते का? आपण आत्ता कोठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसते का, की ती दिसायला बरी नाही म्हणून एखाद्या डिझायनरने काढून टाकली आहे? उघडलेली खिडकी एस्केपने बंद होते का? अनेक जण साध्या चौकोनाला रंग देऊन बटण म्हणून वापरतात. टॅब त्याला ओलांडून निघून जातो आणि तेथेच 'पैसे भरा' लिहिलेले असते. त्यानंतर एनव्हीडीए सुरू करा, पडदा बंद करा आणि पंधरा मिनिटे केवळ ऐका. 'एच' ही कळ दाबत गेले की तो एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. मथळे नुसतेच ठळक अक्षरांत लिहिले असतील आणि त्यांना मथळ्याची खूण दिलेली नसेल, तर त्याला उडी मारायला जागाच राहत नाही. दुव्यांची यादी मागवा. तिच्यात वीस वेळा 'अधिक वाचा' ऐकू आले, की दुव्याचे शब्द बदलायला हवेत हे वेगळे सांगावे लागणार नाही.

देवनागरीपुरती एक सूचना. मार्गदर्शक तत्त्वांत वाचकाला ओळींतील, शब्दांतील आणि अक्षरांतील अंतर वाढवता आले पाहिजे असे कलम आहे. त्यावरून उत्साहाने आपणच अक्षरांमधील अंतर वाढवून ठेवू नका. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि 'घर' हा एक शब्द दोन सुट्या अक्षरांसारखा दिसू लागतो. ज्या लिपीत एखादे अंतर वापरलेच जात नाही, तिला त्या कलमात सूट आहे. ओळींतील अंतर मात्र उदारपणे ठेवा, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते.

या सर्वानंतर दोन-तीन दिव्यांग व्यक्तींकडून संकेतस्थळ वापरून घ्या, आणि त्यांच्या वेळेचे मोल द्या. ते कौशल्याचे काम आहे, उपकार म्हणून मागून घेण्याचे नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत व कनिष्ठ महाविद्यालयात सध्या एकही अंध विद्यार्थी नाही. तरीही संकेतस्थळ सुगम्य करणे कायद्याने बंधनकारक आहे का?
— एका शिक्षणसंस्थेचे विश्वस्त, नाशिक

उत्तर : आपला प्रवेश अर्ज ऑनलाइन असेल, तर तो भरता न आल्यामुळे जो विद्यार्थी परत गेला त्याचे नाव आपल्या हजेरीपटावर असणार तरी कसे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, आणि तेव्हा मोजलेल्या प्रकारांपेक्षा पुष्कळ अधिक, म्हणजे २१ प्रकार आजच्या कायद्यात आहेत. पालक दिव्यांग असू शकतात, हाही विचार करावा.

कायद्याचे सांगायचे तर दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. शासनाने निधी किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी आपल्या सुविधा सुगम्य कराव्यात, असे त्याचे कलम १६ सांगते. कलम ४६ सेवा देणाऱ्या सर्वांना, मग ते सरकारी असोत वा खासगी, सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा देण्यास दोन वर्षांची मुदत देते. २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने संकेतस्थळांसाठी सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला आणि दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकांसाठीचा फाइलप्रकार) किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफ स्वरूपात असावेत असे म्हटले. २०२३ मध्ये त्यात आयएस १७८०२ या भारतीय मानकाची भर पडली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, राजीव रतुरी यांच्या खटल्यात, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने असे म्हटले की कायदा बंधन घालतो आणि हा नियम मात्र नुसत्या शिफारशी करतो, हे विसंगत आहे. त्यामुळे किमान पाळलेच पाहिजेत असे नियम वेगळे काढावेत. त्यासाठी केंद्र शासनाला तीन महिन्यांची मुदत दिली गेली.

त्याहून अधिक बोलका निकाल ३० एप्रिल २०२५ चा आहे. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून बचावलेल्या महिलेला बँक खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवण्यास सांगितले गेले. डोळ्यांना झालेल्या इजेमुळे ते तिला शक्य नव्हते. संगणकाच्या दृष्टीने ती जिवंत व्यक्तीच ठरेना. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी सांगितले आणि वीस निर्देश दिले.

कायद्याच्या कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनास १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनास ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात तक्रार पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. आपल्या संस्थेने डब्ल्यूसीएजी २.१ ची 'एए' पातळी हे उद्दिष्ट ठेवावे. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ ची आवृत्तीही तीच पातळी धरून चालते. कामाची सुरुवात प्रवेश अर्जापासून करावी.

प्रश्न : आम्ही हौशी नाट्यसंस्थेच्या एकांकिकांच्या चित्रफिती संकेतस्थळावर ठेवतो. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी आपोआप तयार होणारी उपशीर्षके पुरेशी आहेत का?
— एक दिग्दर्शक, डोंबिवली

उत्तर : कच्चा मसुदा म्हणून ती चालतील, प्रेक्षकांसमोर ठेवण्यासाठी चालणार नाहीत. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद आला, दोघे एकदम बोलले, की ती भलतेच काही लिहितात. सुदैवाने आपल्याकडे नाटकाची संहिता टंकलेली असते. ती वापरा आणि वेळा जुळवा. कोण बोलत आहे ते लिहा, आणि 'दारावर थाप', 'दूरवर ढोलकी' असे कथेला आवश्यक आवाजही लिहा. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे आणि ती हातांनी बोललेली मराठी नव्हे, त्यामुळे त्यांच्यासाठी उपशीर्षके म्हणजे दुसऱ्या भाषेतील वाचन होय. संवाद बदलू नयेत, पण उपशीर्षक पडद्यावर पुरेसा वेळ टिकले पाहिजे.

प्रश्न : माझे हात थरथरतात. बारीक बटणे दाबताना शेजारचे बटण दाबले जाते, आणि ओटीपी लिहीपर्यंत वेळ संपतो. मी संकेतस्थळ बनवत नाही, नुसता वापरतो. माझ्यासारख्याने काय करावे?
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : संगणकावर कंट्रोल आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबली की पान मोठे होते, आणि बटणेही त्याबरोबर मोठी होतात; कंट्रोल आणि शून्याने ते पूर्ववत होते. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' ही सोय सुरू केली तर थरथरीमुळे चुकून दोनदा दाबली गेलेली कळ एकदाच धरली जाते. माऊसऐवजी टॅब आणि एंटर वापरून पाहा. पुष्कळांना ते सोपे जाते. फोनवर आलेला ओटीपी टंकण्याऐवजी संदेशातून कॉपी करून पेस्ट करावा. काही संकेतस्थळे पेस्ट करू देत नाहीत. तो त्यांचा दोष आहे, आपला नव्हे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ नुसार बटण किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावे किंवा त्याच्या भोवती तेवढी मोकळी जागा असावी. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी सूचना देऊन, एखादी साधी कळ दाबून ती वाढवण्यासाठी निदान २० सेकंद द्यावेत, असे तर २००८ च्या आवृत्तीपासूनच सांगितलेले आहे. ज्या ठिकाणी मर्यादा अपरिहार्य आहे तेथे सूट आहे, आणि ओटीपीच्या बाबतीत संस्था याच सुटीकडे बोट दाखवतात. तरी तक्रार लिहाच. तीत 'संकेतस्थळ नीट चालत नाही' असे मोघम लिहू नका. कोणते पान, कोणते बटण, कोणत्या दिवशी, फोनवर की संगणकावर, आणि वेळ किती मिळाला, हे लिहा; जमल्यास पडद्याचे छायाचित्र जोडा. असे पत्र थेट काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर जाते, आणि त्याला ते बटण लगेच सापडते.